तीन दिवसांच्या ट्रेकसाठी सैनिकी पद्धतीची शिधापाकिटं: घरी बांधताना काय आधी, काय नंतर

राजगड-तोरणा-रायगडसारख्या लांब ट्रेकला निघताना आमच्या गटातल्या प्रत्येकाची पाठपिशवी मी आदल्या आठवड्यात उघडायला लावते. सामान बहुतेकांचं चांगलं असतं. गडबड क्रमात असते. खिचडी सुकवलेली असते, पण कोमट असतानाच पिशवीत भरलेली. तूप आधीच कालवलेलं. तीन दिवसांचे पोहे एका पिशवीत, साखर दुसरीत, चहा तिसऱ्याच कोणाकडे. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थकल्या हातांनी सहा पिशव्या उघडायच्या, अंदाजाने मिसळायचं आणि उरलेलं रबर लावून परत ठेवायचं. रात्रीच्या दवात ते सादळतं, आणि तिसऱ्या दिवशी खायला काय उरतं ते विचारू नका.

माझं स्वतःचंही एकदा असंच झालं. सकाळी सहाची एसटी होती, म्हणून रात्री अकरा वाजता ट्रेवरून काढलेली खिचडी गरम असतानाच सील केली. राजगडाच्या पद्मावती माचीवर पाकीट फोडलं तर आतून पाणी सुटलेलं आणि आंबूस वास. चौघांचं रात्रीचं जेवण टाकावं लागलं. त्या रात्री चिक्कीवर झोपलो. तेव्हापासून मी क्रम लिहून ठेवला आहे आणि तो मोडत नाही.

सैनिकांच्या शिधापाकिटातून आपण तीनच गोष्टी घ्यायच्या. एक, पाकीट माणशी आणि दिवसाचं असतं; जिन्नसाचं नसतं. दोन, चूल पेटली नाही तरी त्यातलं बरंचसं थंड खाता येतं. तीन, एक पाकीट फाटलं तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदार काकांनी एकदा असं पाकीट माझ्यासमोर स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडून दाखवलं होतं. तयार भाताचं पाऊच, हलवा, चहाचं साहित्य, काडेपेटी, घडीची छोटी शेगडी, इंधनाच्या वड्या. त्या दिवसासाठी दुसऱ्या कोणाकडे काही मागायला जावं लागू नये, अशी ती मांडणी होती.

थांबा: एक गोष्ट घरी करायची नाही

लष्करी पाकिटातली ओली भाजी किंवा पुलाव महिनोन्महिने टिकतो तो रिटॉर्ट पाऊचमुळे. पॉलिस्टर, ॲल्युमिनियमची फॉइल आणि पॉलिप्रॉपिलीन असे थर असलेलं पाऊच आधी सील करतात आणि मग दाबाखालच्या वाफेत साधारण १२१ अंश सेल्सिअसला ठरावीक वेळ ठेवतात. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने याच प्रकारचं काम केलं आहे. घरच्या प्रेशर कुकरमध्ये हे होत नाही. ओली आमटी किंवा उसळ व्हॅक्यूम पिशवीत बंद करून शेल्फवर ठेवली, तर हवा नाही, आंबटपणा नाही आणि ओलावा भरपूर, अशी स्थिती होते. बोट्युलिझमच्या, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या, जंतूला नेमकं हेच लागतं. त्याचं विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही.

म्हणून घरी फक्त कोरडं बांधायचं. ओलं हवं असेल तर कंपनीचं रिटॉर्ट पाऊच विकत घ्या. लसूण तेलात बुडवून ठेवलेली घरची ताजी चटणीही याच कारणाने या पाकिटात नको. कोरडी लसूण चटणी चालेल.

टप्पा १: वहीतला हिशेब (निघण्याआधी पंधरा दिवस)

पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चढउतार करणाऱ्या माणसाला साधारण ३,००० कॅलरी धरा. अमेरिकन सैन्याच्या एका जेवणाच्या पाकिटात सुमारे १,२५० कॅलरी असतात, त्यावरून अंदाज येईल. आपण घरी जेवतो त्या हिशेबाने भरलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी पाय उचलत नाहीत.

दुसरा आकडा वजनाचा. माणशी दररोज ७०० ग्रॅमच्या आसपास कोरडं सामान. पीठ, तांदूळ, डाळ यांत १०० ग्रॅमला सुमारे ३५० कॅलरी, शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर आणि तुपात ९००. ओझं न वाढवता ताकद वाढवायची तर तूप आणि दाणे हाच मार्ग आहे.

माझं एका माणसाचं एका दिवसाचं पाकीट असं असतं:

सकाळी भाजलेल्या रव्याचा उपमा, दाण्यांसकट १२० ग्रॅम. दुपारी न शिजवता: सातूचं पीठ आणि गूळ मिळून १२० ग्रॅम, सोलापुरी कडक भाकरी ७० ग्रॅम, शेंगदाण्याची चटणी ३० ग्रॅम. रात्री सुकवलेली मूगडाळ खिचडी १५० ग्रॅम आणि वेगळं तूप १५ ग्रॅम. चालता चालता खायला १०० ग्रॅम चिक्की आणि ६० ग्रॅम खजूर-बदाम. दूध पावडर, साखर आणि चहा मिळून ४० ग्रॅम. एकूण ७०५ ग्रॅम आणि साधारण २,९०० कॅलरी.

वही घेऊन बसलात की त्याच पानावर प्रत्येकाचं नाव, पथ्य आणि ॲलर्जी लिहा. दाण्यांची ॲलर्जी असलेला एक जण गटात असला तर त्याचं पाकीट वेगळ्या दिवशी, धुतलेल्या भांड्यांत आणि सगळ्यात आधी भरायचं. ही गोष्ट डोक्यात ठेवून चालत नाही.

तपासा: दुपारच्या जेवणाला आग लागते का? लागत असेल तर ते बदला. पावसात, वाऱ्यात किंवा चूल पेटवायला मनाई असलेल्या गडावर दुपारचा स्वयंपाक हमखास फसतो. गडावर मुक्कामाची आणि स्वयंपाकाची परवानगी आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या. नसेल तर गरम जेवण पायथ्याच्या गावात करायचं.

टप्पा २: खरेदी

धान्य गल्लीतल्या वाण्याकडे मिळतं तेच पुरे. पंधरा-वीस जणांचं असेल तर पुण्यात मार्केट यार्डाचा भुसार विभाग. पिशव्यांसाठी मात्र रविवार पेठेत बोहरी आळीत जा. तिथे दोन गोष्टी घ्या: फूड ग्रेडची ॲल्युमिनियम लॅमिनेटेड पाऊच, म्हणजे दुकानदार ज्याला चांदीची पिशवी म्हणतो ती, आणि आठ इंची हँड सीलर, म्हणजे पिशवीचं तोंड गरम करून चिकटवणारं यंत्र.

पातळ पारदर्शक पॉलिथीनच्या पिशव्या घेऊ नका. त्यांतून दमटपणा आणि वास आरपार जातो. चिवड्याची पिशवी चार दिवसांत मऊ पडते ती यामुळेच.

तांदूळ कोलम घ्या. आंबेमोहोर चवीला कितीही चांगला असला तरी सुकताना चिकटून गोळे होतात आणि गोळ्याच्या पोटात ओल राहते. डाळ मुगाचीच. तूरडाळ पुन्हा भिजायला फार वेळ घेते, आणि अख्खी मटकी, राजमा, छोले गडावर रबरासारखे लागतात. मटार हवे असतील तर फ्रोझन घ्या. ते आधीच वाफवलेले असल्याने नीट सुकतात आणि नीट फुलतात. कांदा, टोमॅटो घरी सुकवायच्या फंदात पहिल्याच वेळी पडू नका, सुकवलेला कांदा आणि टोमॅटो पावडर विकत मिळते.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा नसेल तर आत्ताच आणा. पुढचं सगळं वजनावर चालतं.

टप्पा ३: शिजवणं, पण घरच्यासारखं नाही

खिचडी मोकळी शिजवायची. घरी आपल्याला आसट खिचडी आवडते. सुकवायला ती निरुपयोगी. एका पाकिटासाठी १०० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मूगडाळ, ५० ग्रॅम किसलेलं गाजर, हळद, हिंग, जिरेपूड आणि चार-पाच ग्रॅम मीठ. दाणा बोटाने दाबला की पूर्ण चिरडला पाहिजे, पण शेजारच्या दाण्याला चिकटता कामा नये.

तेल-तूप अजिबात घालू नका. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण फोडणीशिवाय खिचडी करणं हाताला पटत नाही. चरबी सुकत नाही. ती दाण्यावर बसते, आतलं पाणी बाहेर येऊ देत नाही आणि काही आठवड्यांत खवट होते. जिरं, हिंग, हळद कोरडी भाजून घाला. तूप गडावर वरून घ्यायचं आहेच.

उपम्याचं उलट आहे. त्यात पाणी जातच नाही, त्यामुळे रवा तुपात खमंग भाजायला हरकत नाही. ८० ग्रॅम रव्याला १५ ग्रॅम तूप, मोहरी, उडीदडाळ, कढीपत्ता आणि शेवटी दाणे. कढीपत्ता ओला राहिला तर तोच सगळं बिघडवतो. बोटात चुरा होईपर्यंत तो तळला जाऊ द्या.

सावधान: शिजलेला भात बाहेर तसाच ठेवू नका. भातातल्या बॅसिलस सिरिअस जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. खिचडी उतरवल्यापासून एका तासाच्या आत ती ट्रेवर पसरून ड्रायरमध्ये, म्हणजे अन्न सुकवायच्या यंत्रात किंवा ओव्हनमध्ये, गेली पाहिजे. रात्री शिजवून सकाळी सुकवू, असं करायचं नाही.

टप्पा ४: सुकवणं

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया.

घरगुती फूड डिहायड्रेटर असेल तर ६० ते ६५ अंश, आठ ते दहा तास. ओव्हन असेल तर पंखा चालू, सर्वांत कमी तापमान आणि दार बोटभर उघडं, म्हणजे वाफेला वाट मिळते. ओव्हनचा आकडा खरा असतोच असं नाही, म्हणून आत छोटा थर्मामीटर ठेवा.

थर दाण्याएवढाच. एका दाण्यावर दुसरा दाणा बसला की खालचा मागे राहतो. चार तासांनी ट्रे बाहेर काढा, खिचडी दोन तळव्यांत हलकेच चोळून गोळे फोडा, ट्रेच्या कडेचं मधे आणि मधलं कडेला करा, आणि ट्रेंची वरखाली अदलाबदल करा.

लवकर व्हावं म्हणून तापमान ९० किंवा १०० करण्याचा मोह होतो. तसं केलं की दाण्याची साल आधी कडक होते आणि आतलं पाणी आतच अडकतं. वरून कडकडीत, आतून ओली, अशी खिचडी हाताला सुकलेली वाटते आणि आठवड्याने बुरशी धरते.

गच्चीवर उन्हात का नाही, हे दरवेळी कोणी ना कोणी विचारतं. कुरडया-पापड आपण एप्रिलच्या कडक उन्हात वाळवतो हे खरं, पण ते पातळ असतात, त्यांत मीठ असतं आणि ऊन आटतं तेव्हा ते बरेच सुकलेले असतात. डाळ-भाताचा ओला थर दिवसभर कोमट राहतो, संध्याकाळी पुन्हा दमट होतो, वर धूळ आणि माश्या. जून ते सप्टेंबरमध्ये तर पुण्यात प्रश्नच नाही.

तपासा, वजनाने: कच्चे तांदूळ १००, डाळ ४०, सुकल्यावर गाजराचे जेमतेम पाच-सहा, मीठ-मसाला सहा-सात. म्हणजे सुकलेली खिचडी १५० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. काट्यावर १६५ किंवा १७० दिसले तर उरलेलं वजन पाण्याचं आहे. परत आत ठेवा. हाताच्या अंदाजापेक्षा या आकड्यावर विश्वास ठेवा. दुसरी खूण आवाजाची: मूठभर खिचडी ताटलीत टाकली की खड्यांसारखा टणटण आवाज आला पाहिजे. एक दाणा दातांखाली धरा. तो तुटला पाहिजे, दबला नाही पाहिजे.

टप्पा ५: गार करणं आणि बरणीतली परीक्षा

सुकलेलं परातीत पसरून पंख्याखाली पूर्ण गार करा, साधारण अर्धा तास. हाताला गार लागणं पुरेसं नाही. ढिगाच्या मधे बोट घालून बघा.

मग लगेच काचेच्या कोरड्या, पारदर्शक बरणीत भरा, झाकण घट्ट लावा आणि तीन-चार दिवस ओट्यावर ठेवा. रोज एकदा हलवा. बरणीच्या आतल्या बाजूला धुकं किंवा थेंब दिसले, किंवा दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं, तर ओल बाकी आहे. पुन्हा दोन-तीन तास ड्रायरमध्ये. बुरशीचा ठिपका किंवा आंबूस वास आला तर सगळं टाका, वरचं काढून खालचं वापरू नका.

लोक हा टप्पा गाळतात, कारण यात हाताने काही करायचं नसतं. पण पिशवी अपारदर्शक असते. एकदा सील केल्यावर आत काय चाललंय ते गडावरच कळणार. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री पाकिटं बांधणं जमतच नाही. शनिवारी निघायचं असेल तर आधीच्या शनिवारी शिजवा आणि सुकवा, बुधवारी भरा.

टप्पा ६: बाकीचे जिन्नस

यात फार काही नाही. दाणे अख्खे भाजून भरा, कूट करून नाही. कूट लवकर खवट होतं. सुक्या खोबऱ्याचंही तसंच, चटणीत घातलंच तर थोडं आणि ताजं. चिक्की कागदात गुंडाळून. गूळ किसून सातूच्या पिठात मिसळला की खडे राहतात आणि दमटपणा धरतो, त्याऐवजी गुळाची पावडर घ्या किंवा खडा वेगळा ठेवा. कडक भाकरी चुरा होणारच, म्हणून ती डब्यात किंवा पाकिटात सर्वांत वर.

तूप छोट्या स्क्रूच्या बाटलीत, माणशी नाही तर दोघांत एक. लॅमिनेटेड पिशवीत तूप भरून सील करायचा प्रयत्न केला तर सीलच्या जागी तुपाचा ओशटपणा लागतो आणि कड धरत नाही.

टप्पा ७: भरणं आणि सील करणं

भरण्याआधी लिहा. भरलेल्या फुगीर पिशवीवर मार्कर नीट चालत नाही आणि चकाकत्या पृष्ठभागावर शाई पुसली जाते. म्हणून कागदी चिकटपट्टीवर लिहून ती रिकाम्या पिशवीवर लावा. काय लिहायचं: नाव, दिवस १, २ की ३, जेवण कोणतं, बनवल्याची तारीख आणि किती पाणी. पाण्याचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या पट्टीवर असं असतं: «दिवस २, रात्र, खिचडी, ४५० मिली, १० मिनिटं भिजवा, ५ उकळा, १० झाका».

दुपारची वेळ निवडा. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकघरातली हवा दमट असते आणि कडकडीत सुकलेला दाणा ती ओल लगेच ओढून घेतो. कुकर लावलेला असताना, ओट्यावर भांडी वाळत असताना हे काम करू नका. बरणी उघडल्यापासून शेवटची पिशवी सील होईपर्यंत अर्ध्या तासात आटपा.

भरताना पिशवीचं तोंड दोन बोटं बाहेर दुमडा, म्हणजे सील होणाऱ्या कडेला पीठ किंवा मसाला लागत नाही. भरून झालं की दुमड उलगडा, कड कोरड्या रुमालाने आतून पुसा. पिशवी ओट्यावर आडवी करून तळहाताने हवा बाहेर दाबा. मग सीलर. एक सील, त्याच्या वर बोटभर अंतरावर दुसरं. सीलनंतर लगेच ओढून बघू नका, चार-पाच सेकंद गार होऊ द्या.

आणि वरच्या सीलच्या पलीकडे, कडेला, कात्रीने एक बारीक खाच द्या. सुभेदार काकांच्या पाकिटावर ती खाच होती. थंडीत बधिर झालेल्या बोटांनी किंवा ओल्या हातांनी ती पिशवी फाडता येते. नाहीतर दात लावावे लागतात. खाच सीलच्या आत गेली तर मात्र पिशवी गेली.

व्हॅक्यूम मशीन असेल तरी खिचडीला वापरू नका. कडक दाण्यांची टोकं ताणलेल्या पिशवीला आतून भोक पाडतात. बारीक भोक दिसत नाही, फक्त दोन दिवसांनी पिशवी सैल झालेली दिसते.

सिलिका जेलची फूड ग्रेड पुडी टाकायची असेल तर टाका, पण ती ओल्या मालाला वाचवत नाही. खिचडी भांड्यात ओतताना पुडी आधी काढली का, हे पट्टीवर लिहून ठेवा.

तपासा: बादलीत पाणी घ्या, पिशवी बुडवून दाबा. बुडबुडे आले तर सील फसलं. बाहेरून पुसून पिशव्या रात्रभर एका परातीखाली दाबून ठेवा. सकाळी जी चपटी झाली ती गळकी.

असं बांधलेलं पाकीट मी एका महिन्याच्या आत संपवते. कपाटातल्या गार जागी ठेवा. गाडीच्या डिकीत, गच्चीवरच्या खोलीत नको. उष्णतेत कोणत्याही पाकिटाचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, लष्करी पाकिटाचंही.

टप्पा ८: दिवसाची पिशवी

आता जेवणाच्या पिशव्या दिवसाच्या मोठ्या पिशवीत. क्रम असा: रात्रीचं तळाशी, मग सकाळी करायचं, वर दुपारचं आणि अगदी तोंडाशी चिक्की-खजूर. चालता चालता एका हाताने काढता येईल असं.

प्रत्येक दिवसाच्या पिशवीत हे पण हवं: काडेपेटी छोट्या झिप पिशवीत, जीवनरक्षक मीठ-साखर पुडी म्हणजे ओआरएस, चमचा आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्याची असते. पाठपिशवीत बाटली अर्ध्या लिटरची असते आणि लोक अख्खी पुडी त्यात ओततात. ते द्रावण जास्त खारट होऊन उलट त्रास देतं. लिटरची बाटली नसेल तर पुडी वापरूच नका, साधं पाणी आणि चिमूटभर मीठ लावलेला खाऊ बरा.

विकत घेतलेली रिटॉर्ट पाऊच सोबत असतील तर पुठ्ठ्याचं बाहेरचं खोकं घरीच काढा. सैनिकही निघण्याआधी वेष्टनं कमी करतात. फक्त तारीख आणि कृती छापलेला तुकडा कापून पाऊचला चिकटवा. फुगलेलं, कडेने ओलं झालेलं पाऊच चाखूनही बघायचं नाही. थेट कचऱ्यात.

टप्पा ९: घरची चाचणी

सगळी पाकिटं बांधण्याआधी एक पाकीट बांधून एक अख्खा दिवस त्यावर काढा. टप्पा ७ पर्यंत एकदा एका माणसापुरतं, मग सगळ्यांचं. रविवारी सिंहगडाला जा, पायथ्यापासून चढून, वही खिशात. काय लिहायचं: कोणत्या वेळेला भूक लागली, काय उरलं, कशाने तहान लागली, खिचडीला प्रत्यक्षात किती पाणी आणि किती मिनिटं लागली. घरच्या गॅसवर नाही, सोबत नेणार त्याच शेगडीवर.

पहिल्या चाचणीत दोन तक्रारी जवळजवळ ठरलेल्या. मीठ कमी पडतं, कारण घाम. आणि दुसऱ्या दिवशी पोट साफ होत नाही, कारण कोरडं अन्न आणि अपुरं पाणी. खजूर-मनुका वाढवा आणि पाणी वाढवा. दिवसाचं साडेतीन-चार लिटर धरा, त्यातलं जवळपास लिटरभर या पाकिटांनाच लागतं.

टप्पा १०: गडावर

खिचडी भांड्यात ओता. साध्या पिशवीत उकळतं पाणी ओतायचं नाही. आधी गार पाण्यात दहा मिनिटं भिजवा. यात गॅस वाचतो. भिजवलेलं पाणी फेकू नका, मीठ-मसाला त्यातच आहे. मग पाच मिनिटं उकळा, झाका, भांडं टॉवेलमध्ये गुंडाळून दहा मिनिटं ठेवा.

तोरण्याची उंची सुमारे १,४०० मीटर. तिथे पाणी १०० ऐवजी ९५ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून घरी पाच मिनिटांत झालेलं तिथे थोडं जास्त घेतं. आच वाढवून उपयोग नाही, झाकून ठेवायचा वेळ वाढवा. दाणा मधे टणक लागला तर अजून पन्नास मिली पाणी आणि पाच मिनिटं. तूप ताटलीत, शेवटी.

गडावरच्या टाक्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळून किंवा शुद्ध करूनच. सातूचं पीठ आपण उकळत नाही, तेव्हा त्यात जाणाऱ्या पाण्याची काळजी जास्त घ्या.

सावधान: इंधनाच्या वड्या असोत, गॅस असो, बंद तंबूत पेटवायचं नाही. वड्यांचा धूर डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतो, आणि कोणत्याही ज्वलनात कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे. परदेशी लष्करी पाकिटातल्या बिनजाळाच्या गरम पिशव्या कुठे मिळाल्या तर त्याही उघड्यावरच वापरा. त्यांत मॅग्नेशियम आणि पाण्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो.

रात्री अन्नाच्या पिशव्या उशाशी घेऊन झोपू नका. देवळात किंवा गुहेत मुक्काम असेल तर उंदीर लॅमिनेटेड पिशवी सहज कुरतडतात, सगळं एका पत्र्याच्या किंवा कडक प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. एकदा उघडलेलं पाकीट त्याच जेवणाला संपवा. पूर्ण संपत नसेल तर दोघांनी एक उघडायचं.

घरी आल्यावर कचऱ्याची पिशवी टाकण्याआधी उघडून बघा. रिकामी पाकिटं मोजा, न उघडलेली बाजूला काढा, त्यांवरची तारीख बघून महिन्याच्या आत खा. कोणाचं काय उरलं ते नावासमोर वहीत लिहा. आमच्याकडे तीन ट्रेकमध्ये दुपारची चटणी दरवेळी परत आली, तेव्हा ती ३० वरून २० ग्रॅम केली आणि ते दहा ग्रॅम चिक्कीत घातले.